एक प्यादं जास्त म्हणजे नेमकं किती?

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. पडद्यावर दाखवलेल्या स्थिती कंसात दिल्या आहेत. पट समोर मांडून वाचलंत तर जास्त सोपं जाईल.)

आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, हे आम्हाला माहीत आहे. पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली आहेत, एका बाजूकडे प्यादं जास्त आहे, आणि संगणक शेजारी एक आकडा दाखवतो. अधिक शून्य पूर्णांक आठ, अधिक एक पूर्णांक तीन, असं काहीतरी. हा आकडा कसला असतो? तो कुणी, कशावरून काढलेला असतो? आणि आपण तो वाचतो तेव्हा नेमकं काय वाचत असतो?

आमच्यासमोर हा प्रश्न एका भांडणातून आला. आम्ही दोघं मुलांना बुद्धिबळ शिकवतो. आमच्याकडची एक बारा वर्षांची मुलगी एका स्पर्धेत हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध हत्ती अशा डावात होती. तिने हत्तींची अदलाबदल केली, मागे राजा आणि प्यादं विरुद्ध एकटा राजा उरला, आणि डाव बरोबरीत सुटला. घरी गेल्यावर वडिलांनी डाव मोबाइलवरच्या एका जुन्या ॲपमध्ये टाकला. अदलाबदलीआधी ॲप अधिक एक पूर्णांक तीन दाखवत होतं, अदलाबदलीनंतर शून्य. झालं! ‘जिंकलेला डाव घालवलास,’ हे ऐकून मुलगी दुसऱ्या दिवशी वर्गात आली ती रडवेली होऊन.

आम्ही ती स्थिती टेबलबेसमध्ये घालून बघितली. पटावर जेमतेम पाच मोहरी होती, त्यामुळे उत्तर शंभर टक्के पक्कं मिळतं. अदलाबदलीनंतर बरोबरी. आणि अदलाबदलीच्या आधी? तीही बरोबरीच. म्हणजे मुलीने काहीच घालवलेलं नव्हतं. घालवायला हातात काही नव्हतंच. आम्ही वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग ते एक पूर्णांक तीन आलं कुठून?’ प्रश्न अगदी रास्त होता. आज त्याचंच उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

सुरुवात १९५० पासून करू. बेल लॅबोरेटरीजमधल्या क्लॉड शॅनन यांनी त्या वर्षी बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राबद्दल एक लेख प्रसिद्ध केला. आजचे सगळे प्रोग्रॅम कुठल्या ना कुठल्या वाटेने त्या लेखापाशी जातात. त्यात मूल्यमापनाचं एक नमुन्याचं सूत्र आहे. वजीर नऊ, हत्ती पाच, उंट आणि घोडा तीन-तीन, प्यादं एक. दुहेरी, मागे पडलेलं किंवा एकटं पडलेलं प्यादं असेल तर प्रत्येकी अर्धा गुण वजा. आणि जितक्या चाली उपलब्ध, त्या प्रत्येकीचा दशांश गुण. दोन्ही बाजूंची बेरीज करायची, वजाबाकी करायची, आला आकडा.

त्याच लेखात शॅनन आणखी एक गोष्ट सांगतात, ती मात्र लोक विसरतात. मूल्यमापन खरोखर अचूक असेल तर त्याच्या किमती तीनच असू शकतात: जिंकलेलं, बरोबरीचं, हरलेलं. मधले अपूर्णांक येतात ते आपलं मूल्यमापन अंदाजाचं असतं म्हणून. आज आम्हाला जे म्हणायचंय ते जवळजवळ एवढंच आहे. फक्त प्याद्यांच्या डावात ते जितकं उघडं पडतं तितकं दुसरीकडे कुठे पडत नाही.

(पडद्यावर: पांढरा राजा ई५, पांढरं प्यादं ई४, काळा राजा ई७.)

ही स्थिती बघा. पटावर एकूण तीन मोहरी. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, कारण काळ्या राजाला बाजूला सरकावं लागतं आणि पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो. काळा डी७ ला गेला की पांढरा एफ६ ला. चाल पांढऱ्याची असेल तर बरोबरी, कारण आता सरकण्याची पाळी पांढऱ्याची आहे, आणि तो जिकडे जाईल तिकडे काळा समोर उभा राहतो. मोहरी तीच, घरं तीच, बदललं ते फक्त पाळी कुणाची एवढंच. मोहरी मोजणारं सूत्र दोन्ही वेळी सांगणार, पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त. पहिल्या वेळी ते उत्तर कमी पडतं आणि दुसऱ्या वेळी जास्त होतं. मुलीच्या डावात अदलाबदलीनंतर हीच स्थिती आली होती आणि चाल तिची होती.

यातून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एक जुना धडा मिळाला. शोधाचा वेळ वाचवायला बहुतेक प्रोग्रॅम एक युक्ती वापरतात, तिला आपण रिकामी चाल म्हणू. प्रोग्रॅम स्वतःशी म्हणतो, ‘मी माझी पाळी सोडून दिली आणि तरीही माझं बरं चाललं, तर ही फांदी आणखी खोल बघायची गरज नाही.’ डावाच्या मध्यात ही युक्ती फार कामाची, कारण तिथे चाल करणं जवळजवळ नेहमीच फायद्याचं असतं. पण आत्ताच्या स्थितीत दोघांनाही एकच गोष्ट हवी आहे, पाळी सोडणं, आणि नेमकी तीच नियमात बसत नाही. म्हणून ज्याची पाळी त्याच्याकडे राजा आणि प्यादी सोडून काही उरलं नसेल तर स्टॉकफिशसारखे प्रोग्रॅम ही युक्ती बंदच ठेवतात. आम्हाला हे फार बोलकं वाटतं. सगळ्या डावाला लागू पडणारा शहाणपणा इथे आल्यावर दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवावा लागतो. (हशा)

आता आजची मुख्य स्थिती. जरा वेळ घेऊन बघू.

(पडद्यावर: पांढरा राजा ए१, पांढरी प्यादी ए४, डी४, डी५, एफ४. काळा राजा ए७, काळी प्यादी ए५, डी६, एफ५. चाल पांढऱ्याची.)

ही लास्कर आणि राइशहेल्म यांची १९०१ सालची स्थिती. रूबेन फाइन यांच्या १९४१ च्या डावअखेरीवरच्या ग्रंथात ती सत्तराव्या आकृतीत आहे, म्हणून प्रोग्रॅमवाले तिला ‘फाइन सत्तर’ म्हणतात आणि नवा प्रोग्रॅम लिहिला की तिच्यावर घासून बघतात. पांढऱ्याकडे चार प्यादी, काळ्याकडे तीन. सगळी एकमेकांना अडलेली, एकही हलू शकत नाही. हलायचं ते फक्त राजांनी.

शॅनन यांचं सूत्र इथे लावून बघू, कागद-पेन्सिल घेतली तरी चालेल. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त, म्हणून अधिक एक. पण डीच्या रांगेत पांढऱ्याचं प्यादं दुहेरी झालंय, अर्धा गुण वजा. दोन्हीकडची सगळी प्यादी एकटी आहेत, पांढऱ्याची चार, काळ्याची तीन, फरक एकाचा, आणखी अर्धा वजा. शिल्लक शून्य. आता चाली मोजा. पांढरा राजा कोपऱ्यात, त्याला तीन घरं. काळ्या राजाला पाच. दोनाचा फरक, दशांशाने गुणला, म्हणजे उणे शून्य पूर्णांक दोन. थोडक्यात सूत्र सांगतं की पांढऱ्याचं किंचित वाईट आहे.

आणि वस्तुस्थिती? पांढरा जिंकतो. जिंकणारी पहिली चाल एकच आहे: राजा बी१. पुढे बी२ ला गेलात तर बरोबरी. बाजूला, तळाच्याच ओळीवर सरकायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, याचा हात चुकला.

कारण असं आहे. पांढऱ्या राजाला आत शिरायला दोन दारं आहेत. डावीकडे सी४ वरून बी५, उजवीकडे एच४ वरून जी५. काळ्याला एकाच राजाने दोन्ही दारं राखायची आहेत. पांढरा सी४ ला आला की काळा बी६ च्या आसपास हवा. पांढरा एच४ ला पोचला की काळा जी६ किंवा एच६ ला हवा. मागे मागे जाऊन हिशेब केला तर पांढऱ्याच्या जवळजवळ प्रत्येक घराला काळ्याचं एक जोडीचं घर निघतं. पांढऱ्याचं सगळं कसब एवढंच, की आपण आपल्या घरात पोचावं तेव्हा काळ्याला त्याच्या जोडीच्या घरात पोचता येऊ नये. फिरत फिरत वेळ काढायची, आणि त्यासाठी मागच्या ओळीवर जागा आहे. मार्सेल द्युशां हा विसाव्या शतकातला मोठा चित्रकार बुद्धिबळाच्या इतका नादी लागला होता, की त्याने विताली हाल्बरश्टाट यांच्यासोबत १९३२ साली या जोडीच्या घरांवर एक आख्खं पुस्तक काढलं. त्यात ही स्थिती आहे. असल्या स्थिती प्रत्यक्ष डावात क्वचितच येतात, त्यामुळे त्या पुस्तकाचा उपयोग किती हे विचारू नका. पण पुस्तक देखणं आहे.

सूत्र कुठे फसलं ते बघा. डी४ चं प्यादं दुहेरी म्हणून त्याने अर्धा गुण कापला. पण हे प्यादं सी५ आणि ई५ ही दोन घरं अडवून उभं आहे. ते नसतं तर काळा राजा बी६ वरून सी५ ला बाहेर पडला असता आणि पांढऱ्याला जिंकणं राहिलं बाजूला, आपला जीव वाचवावा लागला असता. ज्या प्याद्याला दंड ठोठावला, तेच घराची भिंत आहे. शॅनन यांचा हा दोष नव्हे. शांत स्थितीसाठी, तेही पुढचा शोध जोडीला घेऊन, एक ढोबळ नमुना म्हणून त्यांनी ते दिलं होतं. दोष असलाच तर, प्याद्याची लायकी त्याच्या दिसण्यावरून ठरवता येते, या समजुतीचा आहे. आणि ती समजूत अजून आपल्या वर्गांमध्ये सुखाने नांदते आहे. आम्हीही मुलांना कित्येक वर्षं ‘दुहेरी प्यादं वाईट’ असं फळ्यावर लिहून देत होतो.

मग प्रोग्रॅम ही स्थिती सोडवतात कशी? मूल्यमापन सुधारून नाही. पहिलं प्यादं पडायला दोन्ही बाजूंच्या मिळून पंचवीसच्या आसपास चाली जातात. प्रत्येक वेळी सरासरी चार पर्याय धरले आणि सव्वीस चाली पुढे बघायचं ठरवलं, तर सुमारे पंचेचाळीस लाख अब्ज वाटा होतात. छाटणी केली तरी जुन्या यंत्रांना ते झेपण्यासारखं नव्हतं. पण आता दुसऱ्या बाजूने मोजू. प्यादी तर हलतच नाहीत. म्हणजे स्थिती बदलते ती दोन राजांच्या जागेने आणि पाळी कुणाची त्याने. चौसष्ट गुणिले चौसष्ट गुणिले दोन, ८,१९२. आणि हाही वरचा आकडा झाला, खरा याहून बराच कमी. वाटा लाखो अब्ज, पण त्या सगळ्या फिरून फिरून त्याच काही हजार ठिकाणी येतात. एकदा पाहिलेली स्थिती टिपून ठेवणारा तक्ता प्रोग्रॅमला दिला, ज्याला हॅश टेबल म्हणतात, की हा डोंगर टेकडीएवढा होतो. मग राजा बी१ ही चाल आजचा साधा मोबाइलही बघता बघता शोधतो. त्याला जोडीच्या घरांची कल्पनासुद्धा नसते. त्याला आठवण असते.

म्हणजे उत्तर सापडण्याच्या आधीच्या क्षणापर्यंत पडद्यावर जो आकडा असतो, तो स्थितीचा नसतो. तो ‘मी अजून टोकापर्यंत पोचलो नाही’ याचा आकडा असतो. पोचल्यावर तो एकदम उडी मारतो. पांढऱ्याची बाजू त्या क्षणी सुधारते का? ती आधीपासून जिंकलेलीच होती.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणूनच त्यांनी जागोजागी ठिगळं लावली, आणि ती ठिगळं वाचायला मोठी मजेची आहेत. जुन्या स्टॉकफिशमध्ये राजा आणि प्यादं विरुद्ध राजा यासाठी सूत्रच नव्हतं, तयार कोष्टक होतं. प्यादं पटाच्या एका अर्ध्यात धरलं, कारण दुसरा अर्धा आरशासारखा, की त्याला चोवीस घरं, राजांची चौसष्ट-चौसष्ट, पाळ्या दोन. एकूण १,९६,६०८ स्थिती, प्रत्येकीला ‘जिंकते’ किंवा ‘नाही’ एवढी एकच खूण. सगळं मिळून २४ किलोबाइट. आपण व्हॉट्सॲपवर पाठवतो तो सुप्रभातचा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. (हशा)

दुसरं ठिगळ काठाच्या प्याद्यांचं. जास्तीची सगळी प्यादी ए किंवा एच या एकाच काठाच्या रांगेत असतील आणि समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला असेल, तर दोन काय, तीन प्यादी जास्त असली तरी बरोबरी. इथे प्रोग्रॅमला वेगळं बजावून सांगावं लागे, की बाबा, बेरीज विसर, शून्य लिही.

तिसरं आम्हाला सगळ्यात आवडतं. दोन्हीकडे एकेक प्यादं असेल तर तो प्रोग्रॅम कमजोर बाजूचं प्यादं मनातल्या मनात उचलून ठेवायचा आणि कोष्टकात बघायचा. प्यादं नसतानाही बरोबरी होत असेल, तर प्यादं असताना बहुधा नक्कीच होईल. यातला ‘बहुधा’ प्रोग्रॅममध्येच टीप म्हणून लिहिलेला होता. बलवान बाजूचं प्यादं बरंच पुढे गेलेलं असेल आणि ते काठाचं नसेल, तर हा नियम लावायचा नाही, असा अपवादही होता. एखाद्या अनुभवी माणसाने शेजारी बसून सांगावं, तसं हे ज्ञान आहे. चुकू शकणारं, पण कुठे चुकू शकतं हे सांगणारं.

२०२० मध्ये स्टॉकफिशच्या बाराव्या आवृत्तीत न्यूरल नेटवर्क आलं, आणि २०२४ च्या सोळा पूर्णांक एक या आवृत्तीत हाताने लिहिलेलं मूल्यमापन पूर्ण काढून टाकलं. खेळाच्या ताकदीच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता, त्यावर वाद नाही. आम्हाला हळहळ वाटते ती वेगळ्या कारणाने. जुना आकडा चुकला तर का चुकला हे ओळीवर बोट ठेवून दाखवता यायचं, जसं आत्ता डी४ च्या प्याद्याचं दाखवलं. नव्या आकड्याला विचारायचं कुणाला?

आणि आकड्याचा अर्थही मध्येच बदलला, हे फार थोड्यांना माहीत आहे. डिसेंबर २०२२ च्या पंधरा पूर्णांक एक या आवृत्तीपासून स्टॉकफिशचा ‘अधिक एक’ म्हणजे एक प्यादं जास्त असा राहिलेला नाही. स्टॉकफिश स्वतःशीच खेळला तर या स्थितीतून जिंकण्याची शक्यता निम्मी, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे नाव जुनं, माल नवा. शिवाय ही शक्यता यंत्राची यंत्राशी. बारा वर्षांची मुलगी, समोर तेरा वर्षांचा मुलगा, घड्याळात दोन मिनिटं, यांच्याशी त्या निम्म्याचा संबंध लावायचा तर फार जपून लावायला हवा.

इथे कुणी म्हणेल, मग अपूर्णांक काढूनच टाका, तीनच उत्तरं दाखवा. तसंही चालत नाही, आणि याचं उत्तर लीलाच्या डावांतून मिळतं. लीला चेस झीरो हा प्रोग्रॅम प्याद्यांच्या भाषेत बोलतच नाही, त्याचं मूल्यमापन थेट निकालाच्या शक्यतेत असतं. सगळ्याच चाली जिंकून देणाऱ्या असल्या की त्याला सगळ्या सारख्याच. मग प्यादं पुढे ढकलून वजीर करायचा सोडून तो राजा इकडून तिकडे फिरवत बसायचा. घाई कशाला! अखेर किती चाली उरल्या याचा अंदाज करणारा एक वेगळा भाग त्याला जोडावा लागला. म्हणजे आकड्याला उतार लागतो, नाहीतर पाणी वाहत नाही. जिंकलेल्या दोन स्थितींमध्ये विजयाच्या जवळची कोणती, हे सांगायला तरी अपूर्णांक हवाच.

आमची तक्रार अपूर्णांकाशी नाही. तो प्रोग्रॅमच्या कामाचा आहे, त्याच्या घरातला आहे. तक्रार आहे ती तो तसाच उचलून पडद्यावर लावण्याशी, पांढऱ्या-काळ्या पट्टीच्या रूपात, जणू तापमापक आहे. डावाच्या मध्यात हे एक वेळ खपून जातं. प्याद्यांच्या डावात पट्टी निम्म्याच्या थोडी वर थांबलेली असते तेव्हा ती पांढऱ्याचं थोडं बरं आहे असं सांगत नसते, कारण ‘थोडं बरं’ असं तिथे काही नसतंच. ती सांगत असते, की यंत्राला अजून कळलेलं नाही. सात मोहऱ्यांपर्यंत तर हे न कळणंही आता टाळता येतं. रोनाल्ड डे मान यांनी २०१३ मध्ये सिझिजी नावाचे टेबलबेस आणले, २०१८ पर्यंत ते सात मोहऱ्यांपर्यंत पोचले. सहा मोहऱ्यांचे दीडशे जीबीच्या आसपास आहेत, सातचे काही टीबी. मोबाइलमध्ये बसणार नाहीत, पण इंटरनेटवर कुणालाही फुकट विचारता येतात. ‘फाइन सत्तर’ मध्ये नऊ मोहरी आहेत, ती अजून बाहेर आहे.

त्या मुलीच्या वडिलांना आम्ही हे इतकं सगळं सांगितलं नाही. आम्ही त्यांना पट मांडून दिला: पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७, चाल पांढऱ्याची. म्हटलं, जिंकून दाखवा, काळ्याकडून मुलगी खेळेल. त्यांनी चार वेळा प्रयत्न केला. चौथ्या वेळी प्यादं सातव्या ओळीवर गेलं, राजा त्याच्या मागे उभा राहिला आणि काळ्याची कोंडी झाली. ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पण प्यादं तर माझ्याकडे जास्त होतं.’

(प्रश्नोत्तरांतून)

प्रश्न: मग मुलांना इंजिन वापरूच द्यायचं नाही का?

द्यायचं की. आमच्या वर्गात एवढाच नियम आहे, की पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली की पडद्यावरच्या आकड्यावर कागदाचा तुकडा चिकटवायचा. चाली दिसू द्यायच्या. आधी मुलाने तोंडाने सांगायचं: जिंकतो, बरोबरी, की हरतो. चौथं उत्तर घेत नाही. मग टेबलबेसला विचारायचं. पहिल्या महिन्यात निम्मी उत्तरं चुकतात. आमचीसुद्धा चुकतात, मुलं ती वहीत लिहून ठेवतात.